चाक आणि आस : एका मेळाचा इतिहास



इतिहासाच्या व्याख्यानात राजे, तह आणि लढाया यांची अपेक्षा असते. आजचा विषय त्याहून बराच खालच्या पातळीवरचा, म्हणजे अक्षरशः जमिनीलगतचा आहे. गाडीला चाक बसवणे, एवढाच तो विषय. पण शिक्रापूरच्या चौकापासून नगर रस्त्याने पुण्याकडे निघावे, तर टायरांची आणि चकचकीत चाकांची दुकाने रांगेने दिसतात. गाडी घेतली की कारखान्याने दिलेली चाके उतरवावी आणि त्या जागी रुंद, झळझळीत, ॲल्युमिनियमची चाके चढवावी, अशी आपल्या तरुणांची हौस आहे. हौसेला माझा विरोध नाही. जी गोष्ट दुकानात अर्ध्या तासात उरकली जाते, तिच्यामागे तीन हजारांहून अधिक वर्षांची विद्या आहे. त्या विद्येचा धागा आपल्याच हातून सुटत चालला आहे, एवढेच मला आज दाखवावयाचे आहे.

चाकाचा शोध हा मानवाचा मोठा शोध, असे आपण शाळेत शिकतो. वाटोळा ओंडका उतारावरून गडगडतो, हे पाहावयास मात्र फारशी बुद्धी लागत नाही. बुद्धी लागली ती त्या वाटोळ्या वस्तूच्या बरोबर मध्यावर भोक पाडून त्यात आस बसवायला. चाक फिरले पाहिजे, पण डगमगता कामा नये. आस घट्ट हवा, पण चाकाला आवळून धरणारा नको. या दोन परस्परविरोधी मागण्यांचा मेळ घालणे, हाच चाकाचा खरा शोध होय.

आपल्या पूर्वजांना हे किती नेमके ठाऊक होते, याचा पुरावा भाषेतच आहे. ‘ख’ म्हणजे पोकळी, भोक. आकाशाला ‘ख’ म्हणतात ते त्यामुळेच, आणि त्यात गमन करणारा तो ‘खग’. ऋग्वेदात ‘सुख’ हा शब्द रथाचे विशेषण म्हणून येतो. ज्याच्या चाकाचे ‘ख’ चांगले, म्हणजे ज्यात आस नीट बसला आहे, तो रथ ‘सुख’, असा त्याचा अर्थ पुष्कळ विद्वान लावतात. ‘दुःख’ शब्दाच्या व्युत्पत्तीविषयी मतभेद आहेत, त्या वादात आपण शिरू नये. परंतु सुखाची पहिली कल्पना ज्या माणसांना सुचली, ती माणसे खडबडीत वाटेवरून गाडीत बसून जात होती, हे ध्यानात ठेवण्याजोगे आहे.

आता वेदांवरून आपल्या परिसरात येऊ. घोड नदीच्या काठी आपल्याच शिरूर तालुक्यात इनामगाव आहे. तेथे १९६८ ते १९८३ या काळात डेक्कन कॉलेजच्या संशोधकांनी उत्खनन केले. इसवी सनापूर्वी सुमारे १६०० ते ७०० या काळात तेथे नांदलेल्या शेतकऱ्यांची घरे, चुली, धान्याच्या कणग्या आणि पुरलेली माणसे सापडली. तेथील एका मडक्यावर बैल जुंपलेल्या गाडीचे रेखाटनही मिळाले आहे. म्हणजे वेळ आणि घोड नद्यांच्या या टापूत बैलगाडी पेशव्यांच्याच नव्हे, सातवाहनांच्याही आधीची आहे.

आणखी उत्तरेला, प्रवरेच्या काठी दायमाबाद येथे १९७४ साली ब्राँझच्या चार जड वस्तू सापडल्या. एक बैलजोडीचा रथ, एक रेडा, एक हत्ती आणि एक गेंडा. चौघांचे मिळून वजन साठ किलोहून अधिक. रथ सुमारे ४५ सेंटिमीटर लांबीचा असून त्यावर हाकणारा उभा आहे. चाके भरीव आहेत. त्यांचा काळ कोणता, यावर तज्ज्ञांत वाद आहे. आपल्या विषयाच्या दृष्टीने त्यातला हत्ती मोठा बोधप्रद आहे. त्याच्या चौथऱ्याला आस अडकवण्याची सोय आहे, पण आस आणि चाके हरवलेली आहेत. कारागिराने हत्ती आणि चाके एकसंध ओतली असती, तर ती हरवली नसती. पण मग ती फिरलीही नसती. जे फिरावयाचे ते वेगळे करावे लागते, आणि जे वेगळे असते ते निघूही शकते. चाकाच्या साऱ्या इतिहासात हा पेच कायम आहे.

हा पेच आपल्या गावगाड्याने कसा सोडवला, ते पाहू. ‘गावगाडा’ हा शब्दच बोलका आहे. बलुतेदारांत सुतार आणि लोहार यांचे स्थान वरचे होते, आणि गाडीचे चाक हे त्या दोघांच्या जोडकामाचे सर्वोत्तम उदाहरण होय. सुतार बाभळीचे वाळलेले लाकूड निवडी. मध्ये तुंबा, तुंब्यात ठोकलेले आरे, आऱ्यांवर जोडलेल्या पुठ्ठ्यांचे वर्तुळ, आणि तुंब्याच्या भोकात लोखंडी नळी. मग लोहाराचे काम सुरू होई. लोखंडी पट्टीची धाव तो मुद्दामच चाकाच्या घेरापेक्षा किंचित लहान करी. गोवऱ्यांच्या जाळात ती लालसर होईपर्यंत तापवून चिमट्यांनी उचलून चाकावर चढवीत आणि लगेच पाणी ओतीत.

ही किमया आकड्यांत पाहण्यासारखी आहे. चाकाचा व्यास दीड मीटर धरला, तर घेर सुमारे ४.७ मीटर होतो. लोखंडाचा एक मीटर दर अंश तापमानाला सुमारे ०.०१२ मिलिमीटरने वाढतो. पाचशे अंशांनी तापलेली धाव म्हणजे सुमारे २८ मिलिमीटर, इंचाहून थोडी अधिक वाढणार. निवताना ती तेवढीच आवळते, आणि धाव, पुठ्ठे, आरे व तुंबा यांना असे जखडते की एक खिळा न मारता चाक एकजीव होते. अंदाज थोडा चुकला आणि धाव सैल राहिली, तर उन्हाळ्यात ती निसटे. फार लहान झाली, तर आरे वाकत. लोहाराकडे उष्णतामापक नव्हता. लोखंडाचा रंग आणि हाताचा अनुभव, एवढ्यावर तो हे साधी.

मग चाक आसावर चढे. बाहेरून खीळ बसे आणि आत वंगण जाई. वंगणाचा नळा गाडीलाच टांगलेला असे. ‘गाड्याबरोबर नळ्याची यात्रा’ ही म्हण आपण फुकट्या प्रवाशासाठी वापरतो. खरे पाहता त्या नळ्यावर म्हणीने थोडा अन्यायच केला आहे. त्याच्यातले वंगण संपले, तर गाड्याचीही यात्रा अर्ध्यावर राहिली असती!

या व्यवस्थेतली माझ्या मते सर्वांत महत्त्वाची गोष्ट अशी की, चाक ही विकत आणून लावायची वस्तू नव्हती. ते त्या गाडीसाठी, त्या आसासाठी, त्या गावच्या वाटांसाठी घडवले जाई. ज्याने ते घडवले तोच ते बसवी, आणि सुगीला बलुते मागायला तोच दारात येई. चाक डगमगले तर जाब कोणाला विचारावयाचा, हा प्रश्नच नव्हता. जातींच्या उतरंडीवर उभ्या असलेल्या त्या व्यवस्थेचे दोष मोठे होते, आणि तिचे गोडवे गाण्याचे कारण नाही. परंतु करणारा आणि उत्तर देणारा एकच असणे, हा गुण तिच्यात होता, हेही तितकेच खरे.

या मेळात पहिली मोठी ढवळाढवळ एकोणिसाव्या शतकात झाली. त्यापूर्वी दख्खनात मालाची वाहतूक मुख्यतः लमाणांच्या बैलांच्या पाठीवरून होई. जे थोडे गाडे होते, ते जड, भरीव, कोठे कोठे दगडी चाकांचे, आणि ओढायला अनेक बैल लागणारे. १८३० च्या नोव्हेंबरात मुंबईचे गव्हर्नर सर जॉन माल्कम यांनी बोरघाटाचा रस्ता गाड्यांसाठी खुला केला. पुढे १८३६ च्या सुमारास, महसुली पाहणीच्या कामावर असलेल्या गेसफर्ड नावाच्या लेफ्टनंटाने सुधारलेल्या हलक्या गाडीचा नमुना काढला आणि सोलापूरकडे टेंभुर्णीस अशा गाड्या बनवण्याचा कारखाना घातला. आऱ्यांची हलकी चाके आणि लोखंडी आस यांमुळे एका बैलजोडीला मोठे ओझे ओढता येऊ लागले. १८५८ साली आगगाडी पुण्यास आली, तेव्हा आसपासच्या पेठांतून धान्य आणि गूळ स्टेशनावर पोचवायला हीच गाडी होती. या बदलात आपल्या सुतार-लोहारांचे नुकसान झाले नाही, कारण नवा नमुना त्यांना आपल्या हत्यारांनी करता येण्याजोगा होता. त्यांनी तो आत्मसात केला, आणि पुढे तोच ‘जुना’ म्हणून ओळखला जाऊ लागला.

वेगाची हौस आपल्याकडे मोटारीबरोबर आली, असे समजण्याचे कारण नाही. शिरूर, खेड, आंबेगाव, जुन्नर या तालुक्यांत बैलगाड्यांच्या शर्यती भरतात, आणि घाटातले अंतर किती सेकंदांत कापले यावर निकाल लागतो. २०१४ साली सर्वोच्च न्यायालयाने या शर्यतींवर बंदी घातली. राज्याने कायदा बदलला, आणि २०२३ च्या मे महिन्यात न्यायालयाच्या घटनापीठाने तो बदल वैध ठरवला. बैलांच्या हालांचा प्रश्न गंभीर आहे, तो वेगळ्या व्याख्यानाचा विषय. येथे एवढेच पाहावयाचे की शर्यतीचा गाडा म्हणजे ओझ्याचा गाडा नव्हे. तो हलका असतो, आणि सावकाश चालताना जो दोष नुसता कुरकुरतो, तोच दोष वेगात गाडा उलथवतो. वेग दोष निर्माण करीत नाही, तो उघडा पाडतो. मोटारीलाही हाच नियम लागू आहे.

मोटारीकडे वळण्यापूर्वी रबराचा उल्लेख करावयास हवा. हवा भरलेल्या धावेचे पहिले पेटंट रॉबर्ट टॉमसन याने १८४५ साली घेतले, पण ती कल्पना विस्मृतीत गेली. १८८८ साली बेलफास्टमधले पशुवैद्य जॉन बॉइड डनलॉप यांनी तिचा पुन्हा शोध लावला. लोखंडी धावेची जागा हवेने घेतली. हवेची धाव मात्र पंक्चर होते, म्हणून चाक झटकन काढता-घालता येणे आवश्यक झाले. विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात इंग्लंडातल्या रज-व्हिटवर्थ कंपनीने तारांच्या आऱ्यांचे, मध्यावरच्या एकाच मोठ्या नटाने आवळले जाणारे चाक प्रचारात आणले. त्या नटाचे आटे गाडीच्या डाव्या आणि उजव्या बाजूंना उलटसुलट असत. चाकाच्या फिरण्याने नट सैल न होता आवळलाच जावा, ही त्यामागची युक्ती.

ओतीव ॲल्युमिनियमच्या चाकाची कथा याहून उद्बोधक आहे. १९२४ साली एटोरे बुगाटी या कारागिराने आपली ‘टाइप ३५’ ही शर्यतीची मोटार फ्रान्समध्ये लियों येथील ग्रांप्री शर्यतीत उतरवली. तिची चाके आठ चपट्या आऱ्यांची, ॲल्युमिनियमची, आणि ब्रेकचा पिंपही त्यांतच ओतलेला. पाहणारे थक्क झाले. पण शर्यतीत टायरांवरचा रबराचा थर सुटू लागला आणि बुगाटीच्या गाड्या मागे पडल्या. चाक सुंदर, यंत्र उत्तम, फक्त चाक आणि टायर यांचा मेळ जमला नाही. पुढे तो जमला, आणि सिसिलीतील टार्गा फ्लोरिओ ही अवघड शर्यत १९२५ ते १९२९ अशी सलग पाच वर्षे बुगाटीच्या गाड्यांनी जिंकली. दुसऱ्या महायुद्धानंतर शर्यतींत मॅग्नेशियमची चाके आली. आपल्या दुकानांत ॲल्युमिनियमच्या चाकाला आजही ‘मॅगव्हील’ म्हणतात, तो त्याच मॅग्नेशियमचा वारसा.

महाराष्ट्रात बाहेरचे चाक प्रथम घरोघर पोचले ते मात्र मोटारीला नव्हे, बैलगाडीला. विसाव्या शतकाच्या मध्यास रबरी टायरांची गाडी आली. १९५० साली प्रवरेचा सहकारी साखर कारखाना सुरू झाला, त्यामागोमाग राज्यभर कारखाने उभे राहिले, आणि ऊस वाहण्यासाठी टायरगाडी सर्वत्र दिसू लागली. बैलांना ती सोपी, रस्त्यांनाही सोयीची, कारण लोखंडी धाव डांबर फोडते. परंतु या चाकाचा आस पोलादी, त्यात बेअरिंग, त्याचे माप कारखान्याचे. गावच्या सुताराला त्यात करण्यासारखे काही उरले नाही. गेसफर्डचे चाक त्याने आत्मसात केले होते, हे चाक त्याला करता येत नव्हते. ओढायला हलके म्हणून गाडीवरचे ओझे मात्र वाढत गेले, आणि टायरने वाचवलेले बैलांचे कष्ट उसाने परत घेतले. चाक बदलले की केवळ चाक बदलत नाही. मान, ओझे, रस्ता आणि कारागीर, सारेच बदलतात.

आता आपल्या शेजारच्या रांजणगावाकडे या. तेथील औद्योगिक वसाहतीत फियाटचा कारखाना आहे. २०१५ साली तेथून ‘अबार्थ पुंतो’ नावाची १४५ अश्वशक्तीची छोटी, वेगवान मोटार बाहेर पडली. ती आता विक्रीत नाही. महागणपतीच्या गावात इटलीच्या विंचवाचे चिन्ह मिरवणारी शर्यतीची मोटार तयार झाली, हे आपल्या तालुक्याच्या इतिहासात नोंदवून ठेवण्यासारखे आहे.

फियाटच्या छोट्या गाड्यांची एक परंपरागत खूण आहे. २००१ साली भारतात आलेल्या ‘पालिओ’चेच उदाहरण घेऊ. तिचे चाक चार बोल्टांवर बसते, आणि त्या चारही बोल्टांच्या मध्यांतून जाणारे वर्तुळ काढले, तर त्याचा व्यास ९८ मिलिमीटर भरतो. दुकानदार यालाच ‘पीसीडी’ म्हणतात. बाजारातल्या पुष्कळ छोट्या गाड्यांत हे माप १०० मिलिमीटर असते. फरक दोन मिलिमीटरांचा, म्हणजे प्रत्येक बोल्टामागे एकच मिलिमीटर! शंभराचे चाक अठ्ठ्याण्णवच्या गाडीवर चढवायला गेले तर ते चढल्यासारखे वाटते. एक बोल्ट सरळ जातो, बाकीचे किंचित तिरपे. पाना जड लागतो, म्हणून घट्ट झाले असे वाटते. प्रत्यक्षात बोल्टाचे डोके आपल्या खोबणीत एकाच कडेला टेकलेले असते. हजारो फेऱ्यांनंतर ते सैल होते, किंवा बोल्ट थकून तुटतो. सरकत्या कड्याचे खास बोल्ट या फरकासाठी मिळतात, पण ते कसलेल्या हातांसाठी आहेत. जुगाडासाठी नव्हेत.

दुसरे माप मधल्या भोकाचे. पालिओच्या मधल्या उंचवट्याचा व्यास सुमारे ५८ मिलिमीटर. बाजारातले चाक अनेक गाड्यांना चालावे म्हणून त्याचे भोक मोठे ठेवलेले असते. मधली फट भरायला कडे घालावे लागते. ते न घातल्यास चाक मध्यावर न बसता नुसते बोल्टांवर लटकते, आणि ठरावीक वेगाला सुकाणू थरथरू लागते. ‘सुख’ शब्दातले ‘ख’ ते हेच, हे आता आपल्या लक्षात आले असेल.

तिसरे माप ‘ऑफसेट’चे. चाकाच्या रुंदीचा मध्य आणि ते गाडीला टेकते ती पातळी, यांतले अंतर म्हणजे ऑफसेट. मूळ चाकाचे ते ४५ मिलिमीटर आणि नव्याचे ३५ असेल, तर प्रत्येक चाक १० मिलिमीटर बाहेर सरकते. दिसायला गाडी रुबाबदार होते, पण बेअरिंगवरची तरफ लांबते, आणि पूर्ण वळणावर किंवा खड्ड्यात टायर मडगार्डला घासू लागतो.

चौथे माप टायरसह एकूण उंचीचे. १७५/६५ आर १४ या टायराचा व्यास सुमारे ५८३ मिलिमीटर, आणि १९५/५० आर १५ चा ५७६. फरक सव्वा टक्क्याचा, तो चालतो. मोठा फरक पडला तर वेगदर्शकसुद्धा खोटे सांगू लागतो. पाचवी गोष्ट बोल्टाच्या बैठकीची. ती शंकूसारखी आहे की गोलाकार, हे जुळलेच पाहिजे. आणि शेवटी बोल्ट समोरासमोर, आळीपाळीने, ठरलेल्या जोराने आवळावे, व पन्नास-शंभर किलोमीटर चालल्यावर पुन्हा तपासावे.

ही सारी मापे लोहाराच्या नजरेत होती. आज ती चाकाच्या पाठीवर ओतलेल्या अक्षरांत आहेत, पण ती वाचतो कोण? चाक बनवणारा म्हणतो, मी चाक विकले. दुकानदार म्हणतो, गिऱ्हाइकाने मागितले ते लावले. गिऱ्हाईक म्हणतो, दुकानदाराला ठाऊक असेल. १९८८ च्या मोटार वाहन अधिनियमाचे ५२ वे कलम गाडीच्या मूळ रचनेत फेरफार करण्यावर बंधने घालते. पण कलम रस्त्यावर उतरून बोल्ट तपासत नाही. चाक घडवणे, बसवणे आणि त्यासाठी उत्तर देणे, ही तीन कामे पूर्वी एका अंगणात होत. आता ती तीन ठिकाणी गेली, आणि वाटेत उत्तर देण्याचे काम हरवले.

जुने अंगण परत आणता येणार नाही, आणि आणूही नये. कारखान्याचे चाक लोहाराच्या चाकाहून अधिक गोल, अधिक हलके आणि अधिक विश्वासू आहे. परंतु जी जबाबदारी बलुतेदाराने सोडली ती आकाशात विरत नाही. ती गाडीच्या मालकावर येते. तेव्हा हौस जरूर करा. मात्र चाक घेताना रंग आणि भाव यांच्या आधी पाच मापे विचारा, आणि ती सांगता न येणाऱ्या दुकानातून उठून या. आपल्या गावात वाहनदुरुस्ती शिकणारी मुले आहेत. पाना हाती देण्यापूर्वी त्यांच्या हाती मापपट्टी द्या. नगर रस्त्यावर रात्री वेगाने जाणाऱ्या गाडीत आपलीच मुले बसलेली असतात, आणि त्यांच्या घरी सुखरूप पोचण्यात एका मिलिमीटरचा वाटा असू शकतो.